घरी बांधलेल्या रेसगाड्या : बेबी ऑस्टिन, भंगार आणि युद्धानंतरचं इंग्लंड

कमानपाटा

आमच्या मिरजेच्या घरात एक फोटो होता. आजोबा आपल्या डॉक्टर मित्राच्या बेबी ऑस्टिनच्या मडगार्डवर कोपर टेकून उभे आहेत, आणि गाडी त्यांच्या कमरेला येतेय. लहानपणी मला वाटायचं, ही खेळण्यातलीच असणार. पुढे कळलं की युद्ध संपल्यावर इंग्लंडातल्या पोरांनी याच गाडीचे सांगाडे भंगारातून उचलले आणि त्यातून रेसगाड्यांचा अख्खा धंदा उभा राहिला. या विषयावर मराठीत फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी ऑस्टिनबद्दल. बेबी ऑस्टिन म्हणजेच ऑस्टिन सेव्हन, ती १९२२ साली आली. संचालक मंडळाला छोटी गाडी नको होती, तर हर्बर्ट ऑस्टिनने आपल्या घरच्या बिलियर्डच्या खोलीत बसून स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या पोराकडून तिचे आराखडे काढून घेतले. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीला दहा-साडेदहा अश्वशक्ती. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. त्यामुळे युद्धानंतर तिकडच्या प्रत्येक गल्लीत एखादी तरी सडत पडलेली असायची, आणि पडेल भावात मिळायची.

आता १९४६-४७ चं इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. नवी गाडी मिळत नाही, कारण पोलाद निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आधी. पेट्रोल रेशनवर, आणि तेही 'पूल' नावाचं एकच हलक्या दर्जाचं पेट्रोल. ब्रुकलँड्सचा जुना ट्रॅक विमान कारखान्याने गिळलेला. पण दोन गोष्टी मुबलक होत्या. एक म्हणजे ओस पडलेली लष्करी विमानतळं. दुसरी म्हणजे युद्धात विमानं दुरुस्त करून हात तयार झालेली माणसं. वेल्डिंग, रिव्हेटिंग, ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून वळवणं हे त्यांना आपल्या आयांच्या पुरणपोळीइतकं सवयीचं.

विमानतळांचं एक उदाहरण देतो. सप्टेंबर १९४७ मध्ये डझनभर मित्र सिल्व्हरस्टोनच्या ओसाड धावपट्टीवर कुणालाही न विचारता शर्यत लावायला गेले. एका गाडीपुढे मेंढी आली. मेंढी गेली, गाडीही गेली. त्या शर्यतीला 'मटन ग्रांप्री' नाव पडलं. पुढच्याच वर्षी त्याच जागी अधिकृत ग्रांप्री झाली. गुडवुडचा ट्रॅकही १९४८ चाच, तोही विमानतळावरचाच.

पण माझ्या मते खरी गंमत नियमांच्या पुस्तकात आहे. '७५० मोटर क्लब' १९३९ साली 'मोटर स्पोर्ट' मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने निघाला. युद्धानंतर क्लबात हॉलंड बर्केट नावाचे गृहस्थ होते, पेशाने गुरांचे डॉक्टर. त्यांच्या पुढाकाराने '७५० फॉर्म्युला' आला : चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल ऑस्टिन सेव्हनचाच पाहिजे, बाकी तुम्ही आणि तुमचं डोकं. श्रीमंताला पैसे ओतायला जागाच ठेवली नाही. इंजिन तेच, मग जिंकणार कसं? एकतर गाडी हलकी करा, नाहीतर नियम दुसऱ्यापेक्षा बारकाईने वाचा.

दोन्हीत बाप निघाला तो कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकत होता आणि फावल्या वेळात जुन्या गाड्यांची दलाली. १९४७ च्या शरदात सरकारने खाजगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि बाजार आपटला. हातात न खपणारी एक ऑस्टिन सेव्हन उरली. प्रेयसी हेझलच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात त्याने ती सोलली आणि प्लायवूडवर ॲल्युमिनियम चिकटवलेल्या फळ्यांची नवी बॉडी चढवली. हीच पहिली लोटस. शर्यतीची नव्हे, चिखलातल्या 'ट्रायल' स्पर्धेची गाडी. १९५२ च्या १ जानेवारीला लोटस कंपनी काढली तेव्हा २५ पौंड हेझलने दिले.

१९५१ ची तिसरी लोटस ७५० फॉर्म्युलासाठी होती. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण हवा-पेट्रोल आत जायला दोनच भोकं, प्रत्येक भोक दोघांत सामाईक. चॅपमनने त्या भोकांत पत्र्याच्या पट्ट्या बसवून दोनाची चार केली. गाडी इतरांच्या पुढे इतकी निघून जायची की पुढच्या वर्षी क्लबाने ही युक्ती नियमातून बाद केली.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. विमानवाल्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी जरूर लिहा.

---

सोनसाखळी

गाडीतलं काही कळत नाही तरी सगळं वाचलं. मेंढीबद्दल वाईट वाटलं. दोनाची चार भोकं केल्याने नेमकं काय होतं, हे कुणी शहाण्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगेल का? म्हणजे मला.

---

पाना_१०_११

@सोनसाखळी, रसवंतीवर या. उसाच्या रसाचा एक ग्लास, दोन नळ्या, दोन भावंडं. दोघं एकामागोमाग ओढणार असतील तर आधीचा ओढून घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला फेस येतो.

ऑस्टिनचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे २ नंतर लगेच १, आणि ३ नंतर लगेच ४. नेमके शेजारी एकामागोमाग ओढतात, आणि ग्लास सामाईक! मध्ये पडदा घातला की ज्याचा त्याचा ग्लास वेगळा. एवढंच.

पण याला 'युक्ती' म्हणणं कमी आहे, कमानपाटासाहेब. नियमात लिहिलं होतं की इंजिन ऑस्टिनचं हवं. इंजिन ऑस्टिनचंच होतं. मी तीस वर्षं लेथवर काढलीत. असलं काम करणाऱ्याच्या बोटाला काजळी लागलेली असते, नुसतं पुस्तक वाचून सुचत नाही.

---

तिरका_बांबू

स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून थोडी भर.

ऑस्टिनची चासी इंग्रजी ए अक्षरासारखी : पुढे निमुळती, मागे फाकलेली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पन्हळीसारख्या उघड्या. उघडी पन्हळ वाकायला बरी, पण पिळायला गेलात की चहाच्या कपात बुडवलेली खारी. म्हणून हौशी लोक पहिलं काम काय करायचे, तर उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून तिची पेटी करायचे. पेटी पीळ सोसते.

चॅपमनचा खरा पराक्रम मला सहाव्या लोटसमध्ये दिसतो. तिथे त्याने ऑस्टिनची चासी सोडून बारीक नळ्यांचा स्वतःचा सांगाडा केला. बांधकामावरची परांची पाहा : उभे-आडवे बांबू कितीही बांधा, एक तिरका बांबू घातल्याशिवाय डोलणं थांबत नाही. आपल्या कौलारू घराच्या कैचीतही तेच, सगळे त्रिकोण. त्रिकोणातली प्रत्येक काठी फक्त ताणली किंवा दाबली जाते, वाकवली जात नाही, म्हणून ती बारीक चालते. सहाव्या लोटसचा नुसता सांगाडा सुमारे २५ किलोचा होता. सिमेंटच्या गोणीच्या निम्मा!

अडचण एकच. माणसाला बसायला वरून खड्डा ठेवावाच लागतो, आणि तिथे त्रिकोण घालता येत नाही. मग तळाला आणि बाजूंना ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून त्यांच्याकडूनच ताकद काढायची. हे विमानातलं शिक्षण.

---

चिंचोके

छान लिहिताय, पण थोडं पाणी ओततो. सगळ्यांनी कलेची पूजा मांडलीय, मला त्यात खरेदीकर दिसतो.

इंग्लंडात तयार गाडीवर भरमसाट परचेस टॅक्स होता, १९५१ मध्ये तो दोन तृतीयांशांवर गेला. १०० ची गाडी १६६ ला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडलं तर हा कर नाही. म्हणून लोटस, बकलर वगैरे मंडळी सांगाडा, बॉडी, कंस-पट्ट्या विकायची आणि गिऱ्हाईक फोर्डचं इंजिन, एक्सल भंगारातून किंवा दुकानातून आणायचं. कर नसता तर किती जणांनी हाताला ग्रीस लावून घेतलं असतं?

आणि 'गरिबांची शर्यत' हेही जरा जपून. रात्री मोकळं गॅरेज, गॅसवेल्डिंगचा संच आणि रविवारची सुट्टी ज्याला परवडते तो गरीब नव्हे.

---

कमानपाटा

@चिंचोके, कराचा मुद्दा बिनशर्त मान्य, मीच लिहायला हवा होता. फक्त काळ पाहा. ७५० फॉर्म्युलावाले १९४९-५० चे, ते कर चुकवायला गाड्या बांधत नव्हते, त्यांना गाडी मिळतच नव्हती. कराचा फायदा किट विकणाऱ्यांना झाला. सहाव्या लोटसची शंभरावर किट खपली ती त्याच जोरावर. हौशीचा धंदा झाला तो करामुळे. पण हौस आधीची.

गरीब नव्हते हेही खरं. पण मालदारही नव्हते. बर्केट गुरांचे डॉक्टर. आर्थर मॅलॉक लष्करात मेजर. पुढे लोला ही रेसगाड्यांची कंपनी काढणारा एरिक ब्रॉडली बांधकामाच्या धंद्यातला. चॅपमन नोकरी करायचा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत आणि संध्याकाळी गाड्या. बापाच्या पबामागच्या तबेल्यात त्याचं वर्कशॉप होतं.

---

पाना_१०_११

मॅलॉकचं नाव निघालं म्हणून. त्याच्या गाडीचं नाव 'यू टू', म्हणजे 'तूसुद्धा', तुलाही बांधता येईल! नावातच जाहिरात. ते घराणं पुढे कित्येक वर्षं पुढे इंजिन आणि मागे अखंड एक्सल ठेवून, मागे इंजिनवाल्या गाड्यांशी झुंजत राहिलं. जगाने सोडलेली पद्धत माणसाला नीट येत असेल तर ती जुनी होत नाही. आमच्याकडे अजून एक जण बेल्टवरचं लेथ चालवतो आणि सीएनसीवाले त्याच्याकडे जॉब घेऊन येतात.

आणि ते बॅलामीचं कुणी लिहिलं नाही! फोर्डला पुढे अखंड बीम एक्सल. लेस्ली बॅलामी काय करायचा, तर तो एक्सल मधोमध चक्क कापायचा आणि दोन्ही तुकडे बिजागरीवर टांगायचा. झालं स्वतंत्र सस्पेन्शन. गाडी उचलली की चाकं आत वळायची, बदकाच्या पायांसारखी. पण खड्ड्यात एक चाक गेलं तरी दुसरं जागेवर. सहाव्या लोटसलाही हेच होतं. इतकं स्वस्त सस्पेन्शन कुणी केलं असेल तर दाखवा.

---

शून्य_मैल

मी नॉर्दम्प्टनजवळ राहते, सिल्व्हरस्टोन घरापासून अर्ध्या तासावर. गाड्यांचा नाद नवऱ्याचा, मी डबे भरून सोबत जाते.

दोन वर्षांपूर्वी ७५० क्लबाच्या ऑस्टिन सेव्हन मेळाव्याला ब्यूलीला गेलो होतो. हिरवळीवर ओळीने नुसत्या चिमुकल्या गाड्या. एका आजोबांनी घरची स्पेशल आणली होती. मी विचारलं, बॉडी कुणी केली? म्हणाले, वडिलांनी, आणि सीट विमानाचं आहे, तेवढं वापरलेलं घेतलं. मला बसू दिलं. दार नाहीच, पाय टाकून आत घसरायचं. गुडघे हनुवटीला. माझ्या हातात कोथिंबीरवडीचा डबा होता, तो ठेवायला जागा नव्हती म्हणून आजोबांनी धरला आणि परत देताना तीन वड्या कमी होत्या.

या क्लबाची सहा तासांची रिले शर्यत अजून होते बरं का. १९५१ पासूनची. आता तिला बर्केट यांचंच नाव आहे. ते १९६३ मध्ये विमान अपघातात गेले, असं तिथेच कळलं.

---

सोनसाखळी

कोथिंबीरवडी ग्लोबल झाली! पाना काका, रसाचा ग्लास कळला. धन्यवाद.

---

जुना_रेडिओ

इंजिनांबद्दल एक मजेशीर गोष्ट राहतेय. ऑस्टिननंतर हौशी लोकांचं दुसरं लाडकं इंजिन म्हणजे फोर्ड टेनचं ११७२ सीसी साइडव्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेलं). क्लबाने १९५३ मध्ये त्याचाही '११७२ फॉर्म्युला' काढला. ब्रॉडलीने चुलतभावाबरोबर पहिली गाडी बांधली ती याच वर्गासाठी, १९५६ मध्ये. लेन टेरीची 'टेरियर' ब्रायन हार्टने १९५९ मध्ये याच वर्गात पळवली आणि बाकीच्यांना त्या मोसमात जिंकायला फारसं काही उरलं नाही.

पण पैसे थोडे वाढले की सगळ्यांची नजर जायची कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीच्या इंजिनावर. आणि हे इंजिन मुळात कशासाठी? आगीच्या बंबासाठी! सरकारला हलका, माणसांनी उचलून नेता येईल असा पंप हवा होता. म्हणून त्याचं नावच 'फेदरवेट'. पंपासाठी हलकं आणि जोरदार केलेलं इंजिन रेसगाडीला सोन्यासारखं लागू पडलं. थोडं वाढवून १०९८ सीसीचं केलं. लोटस इलेव्हन, लोला मार्क वन त्याच्यावरच धावल्या. पहिली लोला १९५८ ची, आणि १९६६ मध्ये ग्रॅहम हिल अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत जिंकला तो लोलातच. मध्ये फक्त आठ वर्षं.

बंबाच्या पंपावर इतकी माणसं मोठी झाली हे मला कधीच पचलेलं नाही.

---

चिंचोके

आठ वर्षं हे मात्र थक्क करणारं. माघार घेतोय, पण अर्धी.

उरलेल्या अर्ध्यासाठी विचारतो : हलकं, हलकं म्हणत नळ्या किती बारीक करायच्या? चॅपमनच्या पुढच्या गाड्यांचे भाग मोडून माणसं गेली. १९७० मध्ये इटलीत मॉन्झाला लोटसचा ड्रायव्हर योकेन रिंट गेला, तेव्हा लोटस ७२ च्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. ते बीज या गॅरेजातलंच नाही का?

---

तिरका_बांबू

प्रश्न रास्त आहे. मी उत्तर दोन भागांत देईन.

सहाव्या लोटसचा सांगाडा हलका होता तो नळी बारीक म्हणून नव्हे, भार नेमक्या ठिकाणी सांध्यावर आणला म्हणून. कैचीच्या मधोमध पंखा टांगला तर वासा वाकतो, सांध्यावर टांगला तर वासा हू की चू करत नाही. हे हलकेपण शहाणं. भागाची जाडी सुरक्षेच्या हिशेबातून कापत जाणं हे दुसरं हलकेपण. चॅपमनमध्ये दोन्ही होतं. वय आणि पैसा वाढला तसं दुसरं वाढलं, असं माझं मत.

आणि गॅरेजवाल्याला स्वतःच गाडीत बसायचं असायचं. माझ्या अनुभवात स्लॅबखाली स्वतः राहणारा मालक सळई कमी टाकायला सांगत नाही. चासी बांधणारा आणि चालवणारा वेगळे झाले की हिशेब बदलतो.

---

पाना_१०_११

सळईचं वाक्य लिहून ठेवतो.

---

भरती_ओहोटी

उशिरा आलो. फ्रँक कॉस्टिनला विसरलात! तो डी हॅविलँड विमान कंपनीत वायुगतिकीचा माणूस. भाऊ माइक लोटसमध्ये होता, त्याच्यामुळे हा ओढला गेला आणि १९५४ च्या आठव्या लोटसची बॉडी याने केली. माइकने पुढे कीथ डकवर्थबरोबर कॉसवर्थ ही रेस-इंजिनांची कंपनी काढली. म्हणजे तीही याच घोळक्यातली.

डी हॅविलँडचंच मॉस्किटो विमान आठवतंय का? लाकडी! फ्रँकने १९५९ मध्ये जेम मार्शबरोबर मार्कोस कंपनी काढली, तिच्या गाडीचा सांगाडा प्लायवूडचा. लोक हसायचे, वाळवी लागेल म्हणून. पुढे जगज्जेता झालेल्या जॅकी स्ट्युअर्टच्या सुरुवातीच्या शर्यती त्याच लाकडी गाडीत.

मी रत्नागिरीचा, होड्या बांधणारं घर. मला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. फळी कुठल्या दिशेने लावायची हे कळलं की लाकूड लोखंडाला ऐकत नाही.

---

अण्णा_नगरचा_मराठी

चेन्नईहून. आपल्याकडे काय, असं कुणी विचारायच्या आधी : इथलं शोलावरमही महायुद्धातलं ओस पडलेलं विमानतळच. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तिथे वर्षानुवर्षं व्हायच्या. फियाट, अँबॅसडर, हेराल्डची इंजिनं घातलेल्या घरी बांधलेल्या गाड्या. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे भाग घेऊन एकआसनी गाड्या केल्या, त्यांची 'फॉर्म्युला मारुती' १९८८ ची. तोच खाक्या : एकच स्वस्त इंजिन, सगळ्यांना सारखं.

फरक मला एकाच बाबतीत दिसतो. इंग्लंडात प्रत्येक गावाजवळ असं विमानतळ होतं. आपल्याकडे शर्यतीला मिळालेली मोजकीच.

---

कमानपाटा

@अण्णा, हे मला ठाऊक नव्हतं, स्वतंत्र धागा काढाच.

तुमच्या फरकात एक जोडतो. क्लबाच्या लोकांनी माहिती दाबून ठेवली नाही. कॅम्शाफ्ट कसा घासायचा, क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) कुठे तुटतो हे पत्रकातून आणि पबातल्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं जायचं. जुन्या ऑस्टिनच्या क्रँकला दोनच बेअरिंग, जोरात फिरवला की दोरीच्या उड्यांसारखा हलायचा. एकाचा तुटला की बाकीच्यांना कळायचं मिनिटाला किती फेऱ्यांवर तुटला. जॅक फ्रेंच नावाच्या गृहस्थांची 'सिम्प्लिसिटी' नावाची गाडी होती. तिच्यात नवलाचं असं काही नव्हतं, ऑस्टिनचेच भाग नीट जुळवलेले. पण ती सगळ्यांना उघडून बघता यायची आणि निम्म्या गॅरेजांत तिची नक्कल व्हायची. चॅपमनच्या पट्ट्यांइतकंच मोल मी याला देतो. बहुतेक जास्तच.

तिकडे ऑकलंडमध्ये, पुढे मॅक्लारेन ही रेसगाड्यांची कंपनी काढणाऱ्या ब्रूस मॅक्लारेनची पहिली शर्यतीची गाडीसुद्धा ऑस्टिन सेव्हनच, चौदा-पंधरा वर्षांचा असताना.

---

ढेकूळ

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या वाळव्याच्या मळ्यात गोठ्यामागे एक जुन्या छोट्या गाडीचा सांगाडा पडलाय. आजोबा 'बेबी' म्हणायचे. बॉडी नाही, इंजिन नाही, पुढे निमुळता आहे. आता त्यावर कोंबड्या बसतात. भंगारवाला रविवारी येणार आहे. हे तेच असेल का?

---

पाना_१०_११

भंगारवाल्याला आजच फोन करून नको म्हणा!!

---

कमानपाटा

@ढेकूळ, मागच्या टोकाला जाऊन बघा. दोन्ही पट्ट्या मागच्या एक्सलच्या आधीच संपतात का? आणि त्यांच्या टोकांतून एकेक अर्धवट कमानपाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) मागे बाहेर आलाय का, म्हणजे पूर्ण कमान नाही, पावच? पुढे आडवा एकच पाटा असायला हवा. तसं असेल तर तुमच्या कोंबड्या ऑस्टिन सेव्हनवर बसतात.

फोटो टाका. मी मिरजेहून शनिवारी येऊ शकतो, टेप घेऊन. पाना, तुम्ही येताय का?

---

पाना_१०_११

हे काय विचारणं झालं? वायरब्रश आणि रॉकेल मी आणतो.